मेजर टॉमस कँडी : शब्दांचा काटेकोर पारखी

एका अक्षराच्या फेराने अर्थाचा अनर्थ होतो, हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली की गुरुजी तांबड्या शाईने ती वही रंगवितात. इंग्रजीत एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की वाक्य शुद्ध दिसते, पण भलतेच काही सांगू लागते. परीक्षेतील एखादा गुण जाण्यापुरतेच हे नुकसान असते तर त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु शब्दांची ही गल्लत न्यायालयात झाली तर निरपराध माणसाला शिक्षा होते, आणि करारपत्रात झाली तर घर हातचे जाते. सारख्या दिसणाऱ्या शब्दांतील भेद नक्की करणे हे म्हणूनच मोठ्या जबाबदारीचे काम आहे. ज्या एका परदेशी गृहस्थाने आपल्या आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे इंग्रजी व मराठी या दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून हे काम केले, त्या मेजर टॉमस कँडी यांचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे.

बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मराठी मुलांना तर या चरित्राचे विशेष अगत्य वाटावे. आपण घरात मराठी बोलतो, शेजारी तेलुगू ऐकतो, बाजारात हैदराबादी उर्दूत भाव करतो आणि शाळेत इंग्रजी शिकतो. आपल्या वस्तीच्या नावातील बरकत हा शब्द मुळात अरबी. पण मराठीतही तो भरभराट या अर्थाने इतका रुळला आहे की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मात्र प्रत्येक शब्द असा सरळपणे वागत नाही. मराठी माणसाचा प्रपंच म्हणजे त्याचा संसार, आणि तेलुगू माणसाचा प्रपंचम् म्हणजे सारे जग. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तेलुगूत अवसरम् म्हणजे गरज, तर आपल्याकडे अवसर म्हणजे संधी किंवा सवड. चेहरा एक आणि स्वभाव निराळा, अशी ही शब्दांची जात आहे. चार भाषांच्या चौकात वाढणाऱ्या मुलाने ती ओळखावयास शिकलेच पाहिजे.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉयल या खेड्यात झाला. त्यांना जॉर्ज नावाचा जुळा भाऊ होता. दोघेही भाऊ कोवळ्या वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरी पत्करून १८२२ साली हिंदुस्थानात आले. पुढे जॉर्ज यांनी लष्कर सोडले व ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. टॉमस मात्र शब्दांच्या आणि शाळांच्या मागे लागले. एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच जहाजाच्या वाटेने आलेल्या दोन भावांचे जीवित असे दोन दिशांना गेले.

ते या देशात आले तेव्हा पेशवाई बुडून अवघी चार वर्षे झाली होती. पुणे, अहमदनगर, खानदेश हा सारा मुलूख कंपनीच्या नव्या अमलाखाली आला होता. राज्य करणाऱ्यास रयतेची भाषा येत नव्हती आणि रयतेस राज्यकर्त्याची. तक्रार अर्ज मोडीत येई. त्यावरचा हुकूम इंग्रजीत लिहिला जाई. आणि मधला दुभाषी जे सांगेल ते दोन्ही पक्षांना खरे मानावे लागे. अशा स्थितीत लष्करातील जे तरुण अधिकारी देशी भाषा शिकत, त्यांना दुभाष्याची जागा मिळत असे. कँडी यांनी ही विद्या झपाट्याने संपादन केली. पलटणीत त्यांनी दुभाष्याचे काम केले आणि तेथेच त्यांना जाणवले असावे की, शब्दकोश नसलेल्या भाषेत दुभाषी म्हणजे होकायंत्र नसलेला नावाडी होय.

याच सुमारास जेम्स टॉमस मोल्सवर्थ नावाचे दुसरे एक लष्करी अधिकारी मराठी शब्दांचा संग्रह करीत होते. सरकारने त्यांच्या योजनेस मान्यता दिली व मदतीला कँडी बंधूंना दिले. या इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने मराठी शास्त्री-पंडितांची मंडळी कामास लागली. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, परशुरामपंत गोडबोले इत्यादी पंडितांनी रचलेला मराठीचा कोश १८२९ साली निघाला, तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. पुढे १८५७ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या साठ हजारांच्या घरात गेली. या कोशाचे वैशिष्ट्य असे की, कोणता शब्द संस्कृतातून आला, कोणता फारसीतून, कोणता अरबीतून, हे त्यात शब्दापुढे खूण करून दर्शविलेले आहे. शब्दाचे कूळ कळले म्हणजे त्याचा स्वभाव निम्मा कळतो, हा त्यामागील विचार होता.

या कामाचे कष्ट आज आपल्याला कल्पनेनेच जाणावे लागतील. छापील मराठी पुस्तके त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले तेच मुळी १८३६ साली. म्हणून शब्द गोळा करावयाचे ते माणसांच्या तोंडून. कोकणातला शब्द देशावर चालतो काय, शेतकऱ्याच्या तोंडचा अर्थ आणि कारकुनाच्या लेखणीतला अर्थ एकच काय, हे विचारून, ताडून, पुन्हा विचारून ठरवावयाचे. एखादा शब्द एका शास्त्रीबुवांनी सांगितला की तो कोशात गेला, असा ढिला कारभार तेथे नव्हता.

मराठी-इंग्रजी कोशानंतर त्याची दुसरी बाजू, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश, मोल्सवर्थ यांनी हाती घेतली. पण प्रकृतीने दगा दिल्यामुळे १८३६ साली त्यांना मायदेशी परतावे लागले आणि ते अपुरे काम कँडी यांच्या खांद्यावर आले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८४७ साली, हा इंग्रजी-मराठी कोश मुंबईत छापून पूर्ण झाला. मोल्सवर्थ यांनी आरंभ केला व कँडी यांनी तो तडीस नेला, असे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. श्रेय वाटून घेण्याचा हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८७३ साली या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा कँडी अडुसष्ट वर्षांचे होते.

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या कोशकाराची अडचण दुहेरी असते. एक तर एका इंग्रजी शब्दाला मराठीत अनेक शब्द असतात. इंग्रजांचा एक अंकल आपल्याकडे काका, मामा, मावसा, आत्याचा यजमान अशा चार ठिकाणी विभागला जातो. दुसरी अडचण याहून फसवी. इंग्रजीत कित्येक शब्दांच्या जोड्या अशा आहेत की, त्या कागदावर बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, पण त्यांचे अर्थ मात्र भिन्न असतात. घाईने वाचणारा एकीला दुसरी समजतो आणि फसतो.

खुद्द कँडी यांच्या नावातच याचा एक मौजेचा नमुना सापडतो. इंग्रजीत कँडी म्हणजे साखरेची गोळी. हा शब्द आपल्याच संस्कृतातील खंड या शब्दावरून फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात गेला. साखरेचा खडा असा त्याचा मूळ अर्थ. परंतु कंपनीच्या जुन्या व्यापारी कागदांत हीच अक्षरे आढळली तर तेथे गोळी समजून चालणार नाही. तेथे कँडी म्हणजे आपली खंडी, वीस मणांचे माप. कापसाच्या खंड्या मोजताना कोणी साखरेच्या गोळ्या मोजू लागला तर हिशेबाचे काय होईल? आणि मेजरसाहेबांचे आडनाव ही तर तिसरीच गोष्ट. अक्षरे सारखी म्हणून गोत्र एक, असे मानू नये, हा धडा येथे सहज मिळतो.

१८३७ साली कँडी यांची पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेखीसाठी नेमणूक झाली. ही पाठशाळा १८२१ साली विश्रामबागवाड्यात स्थापन झाली होती. दक्षिणेतील सरकारी मराठी शाळांची देखरेखही काही काळ त्यांच्याकडे होती. १८५१ साली ही पाठशाळा व पुण्यातील इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निर्माण झाले आणि कँडी त्याचे प्रिन्सिपल झाले. हेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज या नावाने विख्यात झाले.

प्रिन्सिपल हा शब्द येथे आला आहे तर त्याचीच थोडी चिकित्सा करू. देवनागरीत आपण प्रिन्सिपल असे लिहितो तेव्हा त्यात इंग्रजीतले दोन निरनिराळे शब्द दडलेले असतात. उच्चार दोहोंचा एकच. शेवटी ए-एल ही अक्षरे असली तर अर्थ मुख्य, प्रमुख, आणि म्हणूनच शाळेचे मुख्याध्यापक किंवा कर्जाची मूळ रक्कम. शेवटी एल-ई असली तर अर्थ तत्त्व, नियम. दोन्हींचे मूळ लॅटिन भाषेतील पहिला या अर्थाच्या शब्दात आहे. जो माणसांत पहिला तो प्रमुख, आणि ज्यापासून विचाराला पहिला आरंभ होतो ते तत्त्व. मूळ एक असूनही शाखा वेगळ्या झाल्या, आणि त्या वेगळेपणाची खूण म्हणून शेवटची दोनच अक्षरे शिल्लक राहिली. मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना ए-एल विसरणारा विद्यार्थी त्यांना नकळत एखादे तत्त्व बनवून टाकतो.

अशी आणखी काही युग्मे पाहण्यासारखी आहेत. स्टेशनरी हा शब्द घ्या. शेवटी ए-आर-वाय असेल तर अर्थ एका जागी स्थिर, न हलणारे; ई-आर-वाय असेल तर वही, कागद, लेखणी हे लेखनसाहित्य. यांचाही वंश एकच. मध्ययुगात युरोपातील बहुतेक व्यापारी गावोगाव फिरून माल विकीत, पण विद्यापीठांच्या आसपास पुस्तके विकणारे एका जागी दुकान मांडून बसत. म्हणून त्यांना स्थिर दुकानदार असे नाव पडले, आणि ते विकत तो माल ती स्टेशनरी झाली. लिफाफ्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे पहिले अक्षर ई, एवढे ध्यानात ठेवले की लेखनसाहित्याचा ई कधी चुकणार नाही.

लष्करातून आलेल्या कँडी यांना आणखी एक जोडी चांगलीच परिचित असणार. पथक किंवा सैन्याचा विभाग या अर्थाचा शब्द सी-ओ-आर-पी-एस असा लिहितात, आणि त्याचा उच्चार कोअर असा करतात. त्याच्या पुढे एक ई आली की तो प्रेतवाचक कॉर्प्स होतो. दोन्ही शब्द शरीर या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले. एक जिवंत माणसांचा मिळून झालेला देह आणि दुसरा प्राण गेलेला देह. १९४८ साली स्थापन झालेल्या एन. सी. सी. मधील शेवटचा सी याच कोअरचा आहे. एका ई-ने सबंध पथक गतप्राण होते, हे छात्रसैनिकांनी विसरू नये.

ॲडॉप्ट आणि ॲडाप्ट यांत एका स्वराचाच फरक. पहिल्याचे मूळ निवडणे या अर्थाचे. म्हणून दत्तक घेणे, स्वीकारणे हे त्याचे काम. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने स्वीकारली, त्या प्रसंगी हाच शब्द योग्य. दुसऱ्याचे मूळ जुळणे, योग्य होणे या अर्थाचे. म्हणून परिस्थितीला अनुरूप असा बदल करणे हे त्याचे काम. एखाद्या कादंबरीवरून नाटक रचले तर तेथे दुसरा शब्द हवा. कौन्सिल आणि कौन्सेल हेही असेच सोबती. पहिला सी-आय-एल ने संपतो व त्याचा अर्थ सभा, परिषद. दुसरा एस-ई-एल ने संपतो व त्याचा अर्थ सल्ला, किंवा न्यायालयात आपल्या वतीने बोलणारा वकील. एमिनंट म्हणजे इतरांहून वर उठून दिसणारा, थोर. इमिनंट म्हणजे डोक्यावर येऊन ठेपलेले, बहुधा संकट. थोर पुरुषाच्या स्वागतपत्रिकेत दुसरा शब्द पडला तर पाहुणा हे जणू येऊ घातलेले अरिष्टच ठरेल. डायरीतला आय आधी व ए नंतर, कारण तिचे मूळ दिवस या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आणि ए आधी व आय नंतर आला की ती दुधाची डेअरी होते.

या सर्व उदाहरणांतून एक पद्धत दिसते. नुसते पाठांतर केले तर दोन शब्द पुन्हा एकमेकांत मिसळतात. पण प्रत्येकाचे मूळ, त्याचा शेजारी आणि त्याचे वाक्यातील काम ही तिन्ही पाहिली तर ते सहसा मिसळत नाहीत. कोशकार नेमके हेच करतो. शब्दाची जात, त्याचे मूळ, त्याचे निरनिराळे अर्थ आणि प्रत्येक अर्थ कोठे शोभतो याची मर्यादा तो आखून देतो.

कँडी यांची दृष्टी केवळ इंग्रजी शब्दांपुरती नव्हती. मराठी लिहिण्याची घडी बसविण्यातही त्यांचा हात होता. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले. मोडी लिपी लिहावयास जलद, पण तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे, आणि शब्द व वाक्ये वेगळी पाडण्याची चालही नव्हती. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे दोरा. शिर म्हणजे मस्तक आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. मिलन म्हणजे भेट आणि मीलन म्हणजे मिटणे. मोडीत हे सारे संदर्भावरून ओळखावे लागे. सवयीच्या कारकुनाला त्यात अडचण वाटत नसे; परंतु गावोगावच्या शाळांत शेकडो मुलांच्या हाती छापील पुस्तक जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक शब्दाचे एक नक्की रूप ठरविणे भाग पडले. बाळबोध लिपीतील छपाईने हे घडवून आणले.

उर्दू लिपी जाणणाऱ्या हैदराबादकरांना या अडचणीची कल्पना चटकन येईल. उर्दूत सामान्यतः ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. मीम, लाम आणि काफ ही तीन अक्षरे एकापुढे एक लिहिली की, त्यांचे वाचन मुल्क म्हणजे देश असे होईल, मलिक म्हणजे राजा असे होईल, मलक म्हणजे देवदूत असे होईल, किंवा मिल्क म्हणजे मालमत्ता असेही होईल. वाक्य पाहूनच वाचकाने निवड करावयाची. याच शहरात उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीच्या वेळी, १९१७ साली, निरनिराळ्या शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी एक भाषांतर विभाग स्थापन झाला होता. कँडी यांनी पुण्यात ज्या प्रश्नांशी झुंज दिली, तेच प्रश्न त्या विभागातील विद्वानांपुढे निराळ्या लिपीत उभे राहिले असणार.

विरामचिन्हांच्या बाबतीत कँडी यांचे ऋण सर्वांत स्पष्ट आहे. आपण आज जेथे सहज स्वल्पविराम देतो, प्रश्नचिन्ह काढतो किंवा पूर्णविराम देऊन थांबतो, तेथे जुन्या मराठी लेखनात फार तर एखादा दंड उभा असे. कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि कोणते चिन्ह कोठे व का द्यावे हे मराठी लेखकांना समजावून दिले. शब्दांतील भेद अक्षराने कळतो, तसा वाक्यांतील भेद चिन्हाने कळतो. नको हा शब्द आणि त्यानंतरचा स्वल्पविराम यांच्या जागा बदलून पाहा. सोडू नको, मार असे म्हटले तर एक निकाल लागतो, आणि सोड, नको मारू असे म्हटले तर दुसरा. एवढ्याशा टिंबा-शेपटीवर कोणाचा तरी जीव लटकलेला असू शकतो.

जीव लटकण्याची ही भाषा अतिशयोक्तीची नव्हे. कँडी हे सरकारचे मराठी भाषांतरकार होते आणि १८६० साली मंजूर झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी केले. हा कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्यायसंहितेने त्याची जागा घेईपर्यंत तो चालू होता. त्या कायद्यात चोरी, जबरीची चोरी आणि दरोडा हे वेगवेगळे गुन्हे मानलेले होते. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरीची चोरी केली तर तो दरोडा. तसेच मनुष्यवध आणि खून यांतही कायदा भेद करीत होता. प्रत्येक खून हा मनुष्यवध, पण प्रत्येक मनुष्यवध हा खून नव्हे. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. भाषांतरकाराला ती सवलत नसते. त्याने एका जागी शब्द ढिला टाकला तर एखाद्या खेड्यातील मनुष्याच्या शिक्षेची वर्षे त्यामुळे वाढावयाची. हे ओझे घेऊन कँडी शब्द निवडीत होते.

त्यांच्या या कामगिरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण चरित्र म्हणजे केवळ स्तुतिपाठ नव्हे. शाळांसाठी लिहिलेली व भाषांतरित केलेली मराठी पुस्तके कँडी यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे मोठे विद्वान भाषांतराच्या कामात त्यांच्या हाताखाली होते. एका परकीय अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या मराठीत दुरुस्त्या कराव्यात, ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागली. शिवाय त्यांच्या देखरेखीखाली निघालेल्या पुस्तकांची भाषा शुद्ध व नेटकी असली तरी पुष्कळदा तिच्यात इंग्रजी वाक्यरचनेचा ताठरपणा उतरे. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली, आणि सरकारी पुस्तकांतील या कृत्रिम मराठीवर कडक टीका केली. त्या वेळी कँडी हयात होते.

या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. शब्दाचा अर्थ नेमका ठरविल्यावाचून शाळा, न्यायालय आणि छापखाना चालत नाही. हे कँडी यांचे बळ. परंतु भाषा ही कोशातून जन्मत नाही. ती ओवीतून, ओट्यावरच्या गप्पांतून, शेताच्या बांधावरून येते, आणि तिची चाल तिच्या लेकरांनाच उपजत ठाऊक असते. हे विष्णुशास्त्र्यांचे बळ. नेमकेपणा व जिवंतपणा ही दोन्ही एकत्र आली तरच लेखन चांगले होते. कँडी यांच्या विरामचिन्हांचा स्वीकार विष्णुशास्त्र्यांच्या पिढीनेही केला, आणि त्याच चिन्हांच्या आधाराने आपले तेजस्वी गद्य लिहिले. टीकाकार आणि टीकेचा विषय या दोघांनीही मराठीची सेवाच केली, असे आज मागे वळून पाहताना दिसते.

मोल्सवर्थ यांचाही येथे दोन शब्दांत उल्लेख अवश्य आहे. आपल्या धर्मश्रद्धेला शस्त्र धरणे मानवत नाही म्हणून त्यांनी लष्करी अधिकारपद सोडले. सरकारच्या विनंतीवरून ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि कोशाची १८५७ ची आवृत्ती पुरी करून गेले. पुण्याचे लोक त्यांना कौतुकाने मोलेसरशास्त्री म्हणत. या दोघा मित्रांचे कोश एकमेकांना पूरक ठरले. एकाने मराठीचे दार इंग्रजी जाणणाऱ्याला उघडले, आणि दुसऱ्याने इंग्रजीचे दार मराठी मुलाला उघडले.

मेजर कँडी यांचे निधन २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे झाले. त्या वेळी त्यांचे वय बहात्तर वर्षांचे होते. सतरा वर्षांचा एक मुलगा म्हणून ते या देशात आले, आणि त्यांच्या जीविताची बहुतेक सारी कमाई मराठी भाषेच्या पदरात पडली. त्यांच्या नावाचा पुतळा कोणाच्या नजरेस पडणार नाही. पण मराठीत जेथे जेथे वाक्याच्या मध्ये स्वल्पविराम आणि शेवटी पूर्णविराम पडतो, तेथे त्यांच्या कामाचा ठसा आहे.

त्यांच्या चरित्रापासून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? इंग्रजी वाचताना दोन शब्द सारखे भासले तर अंदाजाने पुढे जाऊ नये. थांबावे, कोश उघडावा, शब्दाचे मूळ पाहावे, आणि दोन्ही शब्द स्वतःच्या दोन वाक्यांत घालून पाहावे. वहीच्या शेवटच्या पानांवर अशा जोड्यांची यादी करावी. दर आठवड्यास पाच जोड्या नोंदविल्या तर शाळेच्या एका वर्षात दीडशेहून अधिक जोड्या सहज जमतात, आणि तेवढ्या पाठीशी असल्या म्हणजे इंग्रजी लिहिताना भीती उरत नाही. आणि बरकतपुऱ्यातील मुलांनी तर आणखी एक रकाना त्या वहीत आखावा; मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू यांत सारखे ऐकू येणारे, पण निराळा अर्थ सांगणारे शब्द त्यात भरावेत. अशी यादी करणे हे मोठे सोपे आणि मोठ्या आनंदाचे काम आहे. आपल्या आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना, दुकानदारांना विचारून ती वाढविता येईल. कँडी आणि त्यांच्या बरोबरच्या शास्त्रीमंडळींनी याहून निराळे काही केले नव्हते. त्यांनी माणसांना विचारले, ऐकलेले पडताळून पाहिले, आणि खात्री झाल्यावर मगच लिहिले.